शिळावर्तुळं बघायला जाताना: विदर्भातल्या महापाषाणीय स्थळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या भोवताली जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड अशी बरीच ठिकाणं आहेत, जिथे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दगडी वर्तुळं अजून जागेवर आहेत. मोठ्या दगडांची अशी स्मारकं उभारणाऱ्या संस्कृतीला महापाषाणीय म्हणतात. ती बघायला निघालेले लोक जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

ही वर्तुळं म्हणजे नेमकं काय?

मृतांची स्मारकं. बहुतेक ठिकाणी जमिनीत उथळ खड्डा, त्यात मृताचे अवशेष आणि सोबत ठेवलेल्या वस्तू, वर काळ्या चिकणमातीची भर, त्यावर दगडगोट्यांचा ढीग आणि भोवती मोठ्या शिळांचं कडं अशी रचना दिसते. कडं पूर्ण झालं की मधला भाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच राहतो. ही उंची कधीकधी गुडघ्याएवढीसुद्धा नसते, म्हणून पहिल्यांदा जाणारा माणूस वर्तुळाच्या मधोमध उभा राहून विचारतो, "वर्तुळं कुठे आहेत?"

लहान वर्तुळ काही पावलांत ओलांडता येतं, मोठ्याचा व्यास वीस मीटरच्या आसपास जातो. काही ठिकाणी शिळांची दुहेरी कडीही आहेत.

किती जुनी आहेत?

ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते इ.स.पू. ३०० हा काळ धरतात. टाकळघाट आणि नायकुंडच्या कोळशाच्या कार्बन-१४ तारखा त्यातल्या मधल्या शतकांकडे बोट दाखवतात. म्हणजे सातवाहनांच्या आधीची, आणि बरीचशी वर्तुळं अशोकाच्याही आधीची. या लोकांनी लिहिलेलं काही मागे ठेवलेलं नाही. त्यांच्याविषयी जे कळतं ते मातीतून आणि त्यात पुरलेल्या वस्तूंतून.

कबरी असतील तर आत सांगाडे असतीलच ना?

बहुतेकांची इथेच निराशा होते. विदर्भातल्या वर्तुळांत पूर्ण सांगाडा मिळणं ही विरळा गोष्ट. हाडांचे तुकडे, थोडे दात किंवा काहीच नाही, असंच जास्त आढळतं. एक कारण असं मानलं जातं की मृतदेह आधी दुसरीकडे ठेवला जाई आणि नंतर उरलेल्या हाडांपैकी काही वेचून इथे आणून पुरली जात. शिवाय इथली माती आणि पावसाळ्यातला ओलावा यांत हाडं टिकणंही कठीण.

त्यामुळे एक वर्तुळ म्हणजे एक माणूस, असा हिशेब करू नये. तीनशे वर्तुळं म्हणजे तीनशे मेलेली माणसं हे गणित जुळत नाही, आणि गावातल्या प्रत्येकाला एवढा सन्मान मिळत होता असंही दिसत नाही.

मग उत्खननात सापडलं तरी काय?

भरपूर. माणसापेक्षा त्याचं सामान जास्त टिकलं.

सगळ्यात आधी भांडी: आतून आणि काठाशी काळी, खाली तांबडी. अशी काळी-तांबडी खापरं दक्षिण भारतातल्या महापाषाणीय स्थळांवरही मिळतात. त्यांच्यासोबत अभ्रकाचे कण चमकणारी तांबूस भांडीही असतात. मग लोखंड. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्याची पाती. यातल्या काही कुऱ्हाडी जरा निरखून बघाव्यात. पात्याला दांड्याशी आवळून धरण्यासाठी त्यांच्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत. म्हणजे ज्या लोहाराने हे केलं, त्याला वापरताना पातं कुठे सैल पडतं हे माहीत होतं. हे हत्यार फक्त पुरण्यासाठी घडवलेलं वाटत नाही.

माझ्या मते या संस्कृतीची खरी खूण मात्र घोडा आहे. माहूरझरीला वर्तुळांमध्ये घोड्याचे अवशेष मिळाले, आणि त्याच्या डोक्यावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही. घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या लोखंडी लगामकड्या विदर्भातल्या इतर स्थळांवरही सापडल्या आहेत. काही हाडांवरच्या कापल्याच्या खुणांवरून, मालकासोबत घोड्याचा बळी दिला जात असावा असं अभ्यासकांनी मांडलं आहे. घोडा पोसणं तेव्हाही स्वस्त नसणार. तो सजवून जमिनीत घालणारं घराणं आपली ऐपत चारचौघांना दाखवत होतं.

याशिवाय तांब्याची कडी, छोट्या घंटा, थोडं सोनं आणि मणी. माहूरझरी तर मण्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिथे पुढच्या काळातही अकीक आणि त्या जातीच्या दगडांचे मणी घडत राहिले. तांबड्या मण्यांवर पांढऱ्या रेघांची नक्षी दिसली की लोकांना वाटतं रंगवली आहे. तसं नाही. अल्कलीयुक्त द्रावणाने रेघ काढून मणी भाजला की ती रेघ दगडातच पांढरी पडून कायमची बसते.

हे लोक राहायचे कुठे? त्यांची गावं का दिसत नाहीत?

घरं कुडाची, मातीची आणि गवताची होती, म्हणून. पण वस्त्या सापडल्याच नाहीत असं नाही. टाकळघाटला वस्ती आणि जवळच खाप्याला वर्तुळं, अशी जोडी १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूर विद्यापीठाच्या उत्खननात पुढे आली. प्रा. शां. भा. देव यांचं नाव या सगळ्या कामाशी जोडलेलं आहे. माहूरझरीचं १९७०-७२ चं उत्खननही त्यांचंच, आणि पुढे नायकुंडलाही ते होते.

पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. वळणदार मातीच्या विटांनी रचलेली, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्यांसकट. आजूबाजूला लोखंडाची मळी. या एका भट्टीमुळे मोठा प्रश्न सुटला. वर्तुळांत पुरलेलं लोखंड बाहेरून विकत आणलेलं नव्हतं, इथेच कच्च्या धातूपासून तयार होत होतं. वस्त्यांच्या मातीत तांदूळ, जव, मसूर अशा धान्या-कडधान्यांचे जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले. त्यामुळे हे लोक फक्त गुरं घेऊन फिरणारे होते हे जुनं मत आता तसंच्या तसं धरता येत नाही.

वर्तुळं गवळ्यांनी बांधली की पांडवांनी?

विदर्भात जुन्या लोकांच्या तोंडी गवळी राजांचं नाव येतं. कर्नाटकात अशाच दगडी कोठड्यांना मोर्यांची घरं म्हणतात, इतर ठिकाणी पांडव येतात. बांधणाऱ्यांची आठवण पुसली गेली की लोक आपल्या ओळखीचं नाव तिथे बसवतात. ही नावं पुरावा म्हणून चालणार नाहीत, पण गावात कोणी सांगितलं तर हसू नका, ऐकून घ्या. वर्तुळं नेमकी कुठल्या बरडावर आहेत हे त्या सांगणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आज कोणत्या समाजाचे हे पूर्वज, यावर छातीठोक उत्तर देणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

पहिल्यांदा यांचा शोध कोणी घेतला?

स्थानिकांना ती माहीत होतीच. खणून नोंद करणाऱ्यांत पहिलं नाव स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याचं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने टाकळघाटची वर्तुळं उकरून पाहिली होती. ४ सप्टेंबर १८६३ ला तो मध्य प्रांताचा प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल याच्यासोबत पुन्हा टाकळघाटला गेला आणि परतताना संध्याकाळच्या अंधारात पुराच्या नाल्यात बुडून मेला. पावसाळ्यात या भागातले नाले किती झटक्यात चढतात हे सांगायला याहून जुना दाखला माझ्याकडे नाही.

त्यानंतर १८६७ च्या सुमारास जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅकने काही वर्तुळं उघडली. हा गृहस्थ नोकरीने कापूस खात्याचा आयुक्त. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी तिथली तीन वर्तुळं नव्या पद्धतीने खणली. माहूरझरीला या शतकाच्या सुरुवातीला डेक्कन कॉलेजने पुन्हा उत्खनन केलं.

दगडांवरचे वाटीसारखे खळगे काय आहेत?

जुनापाणीच्या काही शिळांवर रांगेत कोरलेले छोटे गोल खळगे आहेत. रिव्हेट-कार्नॅकला त्यांनी इतकं झपाटलं की त्याने युरोपातल्या दगडांवरच्या खुणांशी त्यांची तुलना मांडली. अलीकडे काही खगोल-अभ्यासकांनी हे खळगेवाले दगड वर्तुळाच्या मध्यापासून ठराविक दिशांनाच जास्त दिसतात असं दाखवून त्यांचा संबंध आकाशनिरीक्षणाशी जोडला आहे.

मला ही कल्पना आकर्षक वाटते, सिद्ध झालेली वाटत नाही. दगड गेल्या अडीच हजार वर्षांत कलंडले आहेत, काही हलवले गेले आहेत, आणि शेकडो दगड असले की कुठली तरी रेघ कुठल्या तरी ताऱ्याकडे जातेच. मात्र खळगे माणसाने मुद्दाम केलेले आहेत यात शंका नाही. दुपारच्या उन्हात ते दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात बघा. त्यांत खडू, हळद किंवा पाणी भरून फोटो काढू नका.

म्हणजे हे आपलं स्टोनहेंज?

वर्तमानपत्रांचं हे आवडतं शीर्षक. दोन्हीकडे मोठे दगड गोल मांडलेले आहेत, साम्य तिथेच संपतं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा खंदक इ.स.पू. ३००० च्या आसपासचा आणि मोठ्या शिळा इ.स.पू. २५०० च्या आसपासच्या. तेव्हा तिथे लोखंड नव्हतं. विदर्भातली वर्तुळं त्यानंतर दीड-दोन हजार वर्षांनी, लोखंड घडवणाऱ्या आणि घोडे बाळगणाऱ्या लोकांनी केलेली. एकाकडून दुसऱ्याकडे काही गेलं असं मानायला आधार नाही. शिवाय तिकडे एक भव्य रचना आहे, इकडे एकेका टेकाडावर पसरलेली शेकडो छोटी स्मारकं. जुनापाणीलाच सुमारे तीनशे.

जायचं कधी आणि कसं?

जुनापाणी नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्याच्या बाजूला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. माहूरझरी त्याच दिशेला थोडं पुढे. पहिल्यांदा जाणाऱ्याने हीच दोन निवडावीत, एका सकाळीत होतात.

पावसाळा टाळा. नाल्यांचं वर आलंच आहे, त्यातून गवत कमरेएवढं वाढतं आणि वर्तुळं दिसेनाशी होतात. हिवाळ्यात गवत वाळतं पण कुसळं मोज्यांत घुसतात, त्यामुळे जाड पँट आणि बूट हवेतच. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये गवत नसल्याने मांडणी झकास दिसते, पण नऊनंतर विदर्भाचं ऊन तिथे उभं राहू देत नाही. सावलीला एखाद-दुसरा पळस. पाणी घरून न्या. संग्रहालयासारखी सोय, गाईड, खाण्याची टपरी यांची अपेक्षा ठेवू नका. एकट्याने जाण्यापेक्षा तिघे-चौघे बरे, आणि दगडांखाली हात घालू नका, विंचू-साप तिथेच असतात.

तिथे पोचल्यावर बघायचं काय? नुसते दगडच दिसतात.

आधी वर्तुळाजवळ जाऊच नका. थोडं उंचावर उभं राहून जमीन बघा. वर्तुळं बहुतेक मुरमाड बरडावर असतात, काळ्या कसदार शेतात क्वचितच. शेजारी नाला किंवा झरा असतो. पिकाऊ जमीन जिवंतांना आणि बरड मेलेल्यांना, अशी वाटणी त्यांनी केली होती असं बघताक्षणी वाटतं. अर्थात उलटही शक्य आहे: शेतातली वर्तुळं नांगराने गेली आणि बरडावरची तेवढी उरली. दोन्ही शक्यता डोक्यात ठेवून बघा.

मग एक चांगलं टिकलेलं वर्तुळ निवडा आणि त्याच्या बाहेरून फेरी मारा. कड्याचे दगड एकमेकांना लागून आहेत की मध्ये फटी आहेत? सपाट बाजू आत आहे की बाहेर? बऱ्याच ठिकाणी निवडून आणलेला काळा बेसाल्ट दिसतो. दख्खनच्या लाव्हाच्या थरांची पूर्वेकडची कड नागपूरजवळच संपते, त्यामुळे थोड्याशा अंतरात खडकाची जात बदलते. पायाखालचा खडक आणि कड्यातला दगड एकच आहे का हे पाहिलं, तर शिळा जवळून आणली की लांबून, याचा अंदाज स्वतःलाच करता येतो.

नंतर मधला भाग. दगडगोट्यांचा ढीग मध्ये फुगीर असेल तर वर्तुळ बहुधा न उघडलेलं. मध्ये खड्डा पडलेला असेल तर कोणीतरी खणलं आहे, गेल्या शतकात किंवा गेल्या वर्षी. शास्त्रीय उत्खननात वर्तुळाचे चार भाग करतात आणि मध्ये मातीच्या उभ्या भिंती राखून समोरासमोरचे भाग आधी खणतात, म्हणजे थर कसे पडले ते कापात दिसतं. गुप्तधन शोधणारा सरळ मध्यावर खड्डा घेतो.

शेवटी आजूबाजूच्या वर्तुळांशी तुलना. मोठी कुठे, छोटी कुठे, ती गटाने आहेत का. इथून पुढे प्रश्नच प्रश्न पडतात, आणि दोन तास कसे गेले ते कळत नाही.

जमिनीवर पडलेलं एखादं खापर आठवण म्हणून घेतलं तर काय बिघडतं?

खूप काही. खापर नुसतं बघून फारसं कळत नाही. ते कुठल्या वर्तुळाच्या कुठल्या बाजूला, कशासोबत होतं यावरून कळतं. तुमच्या शोकेसमध्ये ते फक्त फुटक्या मडक्याचा तुकडा असतो. बघा, फोटो काढा, शेजारी मापाला पेन ठेवा आणि जिथे होतं तिथेच राहू द्या.

कायदाही स्पष्ट आहे. जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातली अनेक शिळावर्तुळं केंद्र सरकारची संरक्षित स्मारकं आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार त्यांची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं तर विसराच.

इतकं असूनही वर्तुळं कमी होतातच. मुरमाची खदान, नवे लेआउट, बांधाला किंवा पायाला लागणारा दगड. जे वर्तुळ संरक्षित यादीत नाही, ते एका जेसीबीच्या दुपारभराच्या कामात जातं.

खणलेल्या वस्तू कुठे बघायला मिळतील?

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ मध्ये सुरू झालेला अजब बंगला, आणि पुण्यात डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय. जाण्याआधी वेळ आणि दालन उघडं आहे का ते फोनवर विचारून घ्या. आधी संग्रहालय आणि मग वर्तुळं हा क्रम मला जास्त पटतो. कुऱ्हाड आणि लगाम डोळ्यांखालून गेलेला असला की बरडावर कल्पना धावते.

आजही कोणी असे दगड उभारतं का?

हो. गडचिरोली आणि बस्तरच्या माडिया समाजात मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची प्रथा आहे. मेघालयात खासी-जैंतिया भागात नार्तियांगला उभ्या शिळांचं मोठं रान आहे, झारखंडात मुंडा लोकांच्या दफनभूमीवर शिळा असतात. दगड उभारण्यामागे नातं, जमीन, मान, जेवणावळ असं काय काय असतं ते यांच्याकडून समजून घेता येतं. पण विदर्भातल्या वर्तुळांचा अर्थ यांच्या प्रथेतून जसाच्या तसा उचलू नये, मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षं गेली आहेत. आणि अशा दगडांपाशी गेलात तर ते कोणाच्या तरी आजोबांचे आहेत हे लक्षात ठेवून विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

विदर्भाबाहेर काय बघावं?

एकच निवडायचं तर कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेणकल. टेकडीवर शिलाखंडांच्या कोठड्यांची अख्खी वस्ती, शेकडोंनी. काहींच्या भिंतीला गोल खिडकी पाडलेली. २०२१ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं. केरळातल्या छत्रीसारख्या शिळा अगदी वेगळ्या, त्याही बघण्याजोग्या. कर्नाटकातल्याच ब्रह्मगिरीला आता दिसायला फारसं नाही, पण १९४७ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने तिथे केलेल्या उत्खननामुळे दक्षिणेतल्या या संस्कृतीचा कालक्रम पहिल्यांदा नीट मांडता आला.

फिरताना नवीनच वर्तुळ दिसलं तर कोणाला सांगायचं?

आधी खात्री करा. शेतातून वेचून काढलेल्या दगडांचा ढीगही लांबून तसाच वाटतो, पण त्याला मोठ्या दगडांचं कडं नसतं. कडं स्पष्ट असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवर घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, पावलांनी व्यास मोजा, गावाचं आणि जमत असेल तर शिवाराचं नाव लिहा. ही माहिती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला लेखी द्या आणि पोच घ्या. पुरलेली मौल्यवान वस्तू उघडी पडलेली दिसली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. त्या कायद्यातली किमतीची मर्यादा अजून दहा रुपयेच आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच आलं.

नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गुप्तधनवाले तिथली पोस्ट अधिकाऱ्यांच्या आधी वाचतात.